राहून गेलेला दुखवटा आधी: दुरावलेल्या शाळूसोबत्यांना पुन्हा भेटताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातील मराठी शाळांच्या जुन्या दहावीच्या तुकड्या अलीकडे मोठ्या उत्साहाने एकत्र येत आहेत. व्हॉट्सॲपवर गट तयार होतो, कोणीतरी शाळेचे सभागृह मागून घेतो, गुरुजींसाठी शाल आणि श्रीफळ आणले जाते आणि निमंत्रण सर्वांना एकसारखे जाते. परंतु जवळजवळ प्रत्येक तुकडीत चार-दोन नावे अशी असतात की निमंत्रण मिळूनही ती माणसे येत नाहीत. मधल्या काळात त्यांच्या घरी कोणी तरी गेलेले असते, किंवा एखाद्या जुन्या व्यवहारावरून बोलणे थांबलेले असते, आणि पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की अबोला नेमका कशामुळे सुरू झाला हे कोणालाच सांगता येत नाही. ‘तो आमच्या आप्पांच्या मातीला आला नाही’ हे वाक्य आपल्या भागात वीस-वीस वर्षे टिकते. ज्यांना अशा मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे पुन्हा जायचे आहे आणि कसे जावे हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

बहुतेक माणसे मनात असा क्रम धरतात की आधी भांडण मिटवावे, मग मोकळेपणाने सुखदुःखाचे बोलावे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे आणि म्हणूनच अनेक समेट पहिल्याच भेटीत फसतात. ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घरी आधी राहून गेलेला दुखवटा पार पाडावा. भांडणाचा विषय त्या दिवशी काढूच नये. लग्नाला बोलावणे लागते, दुखवट्याला लागत नाही, ही आपल्याकडची रीत इथे उपयोगी पडते, कारण वर्षानुवर्षे ज्या दारात पाऊल टाकलेले नाही तिथे कोणाचाही मान न दुखावता जाण्याचे ते एक उघड आणि सर्वमान्य निमित्त असते. उशीर झाला म्हणून हे निमित्त संपत नाही.

आधी क्रम लावून पाहावा

निघण्यापूर्वी एकदा शांतपणे बसून घटना कोणत्या क्रमाने घडल्या ते आठवावे आणि शक्य असल्यास कागदावर लिहावे. मृत्यू आधी झाला आणि आपण गेलो नाही म्हणून दुरावा आला, की दुरावा आधीच होता आणि त्या अबोल्यात मृत्यू झाला, यावर पुढचे सगळे बोलणे अवलंबून असते. पहिल्या प्रकारात आपली अनुपस्थिती हीच मूळ तक्रार असते आणि ती सरळ मान्य केल्यावर बराच मार्ग मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारात घरच्यांची समजूत अशी असते की मरणाच्या दारातही याने हट्ट सोडला नाही. तिथे नुसती दिलगिरी पुरत नाही, वेळही द्यावा लागतो.

२०२० आणि २०२१ या वर्षांतील मृत्यूंचा विचार मात्र वेगळा करावा. टाळेबंदीच्या काळात अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसांनी जमू नये असा नियम होता, राज्याची हद्द ओलांडायला परवाना लागत होता, आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासून महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याकडे आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल मागितला जात होता. गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा पुण्यात राहणारा मित्र कोगनोळीच्या नाक्यावरून पुढे येऊ शकला नाही, हे कारण खरे होते आणि घरच्यांनाही ते ठाऊक असते. तरीही येता न येणे आणि त्यानंतर फोनही न करणे या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजलेल्या असतात. म्हणून या काळातील मृत्यूबद्दल बोलताना हद्द बंद होती हे लांबवून सांगत बसू नये. हद्द उघडल्यानंतरही आपण का आलो नाही, एवढ्याचेच उत्तर तयार ठेवावे, आणि ते प्रामाणिक असावे. ‘कसे तोंड दाखवावे ते कळेना’ हे खरे उत्तर असेल तर तेच द्यावे.

शोध घेताना

पत्ता मिळवणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, गाव आणि जन्मतारीख असते, परंतु मुख्याध्यापकांनी कोणाची माहिती परस्पर द्यावी अशी अपेक्षा धरू नये. आपला निरोप पोहोचवण्याची विनंती करावी. जुन्या शिक्षकांना कोणता विद्यार्थी कुठे आहे याची अनेकदा आश्चर्य वाटावे इतकी चांगली माहिती असते. समाजमाध्यमांवर शोधताना गावाचे नाव बेळगाव आणि बेळगावी अशा दोन्ही रूपांत घालून पाहावे, कारण १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलल्यानंतर कोणी जुने ठेवले आहे, कोणी नवे घेतले आहे. पाटील शोधू जाल तर हाती काही लागणार नाही. त्याऐवजी गावाचे, गल्लीचे किंवा तालमीचे नाव जोडून विचारावे. मुलींची आडनावे लग्नानंतर बदललेली असतात आणि खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातील कितीतरी मुली चंदगड, आजरा, गडहिंग्लज या भागांत दिलेल्या असतात, म्हणून त्यांचा शोध माहेरच्या बाजूने घ्यावा आणि भावाकडून किंवा वहिनीकडून निरोप देऊन तिने स्वतः संपर्क करण्याची वाट पाहावी. सासरच्या घरात अचानक एखाद्या वर्गमित्राचा फोन जाणे तिला अडचणीचे होऊ शकते, आणि ती अडचण आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे.

फोन करण्यापूर्वी एक चौकशी मात्र अवश्य करावी, ती म्हणजे त्या घरात आज कोण आहे आणि कोण नाही. मध्यंतरी आणखी कोणाचा मृत्यू झाला असेल आणि आपण पहिल्याच वाक्यात ‘काकू कशा आहेत?’ असे विचारले, तर पुढचे बोलणे खुंटते. गल्लीतल्या एखाद्या दुकानदाराकडून किंवा तिऱ्हाईत वर्गमित्राकडून ही माहिती सहज मिळते. वर्तमानपत्रांतील निधनवार्ता आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती यांचाही उपयोग होतो. त्यांतून गेलेल्या माणसाची तारीख आणि मागे राहिलेला परिवार कळतो.

पहिला शब्द

पहिला संपर्क लेखी असावा असे मला वाटते. अचानक आलेल्या फोनला माणूस काय उत्तर देतो यावर त्याचा स्वतःचाही ताबा नसतो आणि रागात निघालेला एक शब्द पुन्हा दहा वर्षांची भिंत उभी करतो. लिहिलेला निरोप तो दोनदा वाचू शकतो, घरच्यांना दाखवू शकतो, आठ दिवस तसाच ठेवू शकतो. टपालाने गेलेले हाताने लिहिलेले पत्र सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे, पण आवाजी संदेश, शुभेच्छांची चित्रे किंवा सुविचार यांनी सुरुवात करू नये. निरोपात आपण कोण, काय राहून गेले आणि आता काय करायचे आहे, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. जुने भांडण, त्यात कोणाचे चुकले, आपण मधल्या काळात काय सोसले, यांतले काहीही त्यात नको. उदाहरणार्थ, असे लिहिता येईल:

‘आप्पा गेल्याचे मला त्याच आठवड्यात कळले होते आणि तरीही मी आलो नाही. त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. आपण शाळेतून सुटल्यावर तुमच्या घरी येत असू तेव्हा आप्पा मला तुझ्याबरोबर जेवायला बसवत, हे मी विसरलेलो नाही. येत्या महिन्यात मी गावी येणार आहे. तुला आणि काकूंना चालणार असेल तर एखाद्या सकाळी थोडा वेळ भेटून जाईन. आत्ता नको वाटत असेल तर तसे कळव किंवा काहीच कळवू नकोस. मी पुन्हा विचारून त्रास देणार नाही.’

शेवटचे वाक्य लिहिले तर ते पाळावे. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आले नाही, म्हणून चौथ्या दिवशी दुसरा निरोप पाठवणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे होय. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, एखाद्या स्वाभाविक निमित्ताने, एकदा आणखी विचारून पाहणे वावगे नाही, त्यानंतर थांबावे.

मधला माणूस घ्यावा का, हा प्रश्न नेहमी येतो. दोघांनाही जवळचा, दोघांपैकी कोणाचाही सोयरा नसलेला, आणि मूळ व्यवहारात ज्याचा पैसा किंवा शब्द गुंतलेला नाही असा वर्गमित्र मिळाला तर त्याची मदत जरूर घ्यावी. त्याचे काम निरोप पोहोचवण्यापुरते असावे. पंचायतीतील पदाधिकारी, पुढारी किंवा गावातील वजनदार माणूस यांना मध्ये घालू नये; त्यांच्या शब्दाखातर झालेली भेट त्यांच्या शब्दापुरतीच टिकते.

घरी जाताना

होकार आला की भेट घरीच व्हावी. हॉटेलात, कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत किंवा गाडीत बसून दुखवटा होत नाही, कारण दुखवटा एका मित्राचा नसतो, त्या घराचा असतो. मित्राची आई, पत्नी, थोरला भाऊ यांनी आपली वाट पाहिलेली असते आणि कधी कधी मित्रापेक्षा त्यांचाच राग मोठा असतो.

वार आणि वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. काही घरांत भेटायला येण्याचे वार पाळतात, काही घरांत अमावास्या टाळतात. आपल्याला पटो वा न पटो, त्यांच्या पद्धतीने जावे. गावात यात्रा असेल तेव्हा जाऊ नये. आपल्याकडच्या लक्ष्मीच्या यात्रा कितीतरी वर्षांच्या अंतराने भरतात, माहेरवाशिणी आणि पाहुणे यांनी घर भरून जाते, आणि सगळे एकत्र आहेत म्हणून हीच संधी चांगली असे वाटते. प्रत्यक्षात त्या गर्दीत घरच्या बाईला बसायलाही सवड नसते. सुगीच्या दिवसांत शेतकरी घरी सकाळी जाणे हेही तसेच गैरसोयीचे. पहिल्या भेटीला एकट्याने जावे. फार तर पत्नीला किंवा पतीला सोबत न्यावे, पण वर्गमित्रांचा घोळका नको; घोळका आला की घरच्यांना पाहुणचार करावा लागतो.

हातात काय न्यावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बेळगावचा माणूस कोणाकडे जाताना सवयीने कुंदा घेतो. या भेटीला तो घेऊ नये, विशेषतः मृत्यूला वर्ष झाले नसेल आणि त्या घराने सण केले नसतील तर. फळे न्यावीत, फोटोला घालायला हार न्यावा. याहून मोलाची एक वस्तू असते आणि ती फक्त आपल्याकडे असू शकते: जुना फोटो. शाळेच्या सहलीचा, गणेशोत्सवातला, राजहंसगडावर काढलेला, ज्यात गेलेली व्यक्ती कोपऱ्यात का होईना दिसते असा फोटो शोधून त्याची छापील प्रत न्यावी. मोबाइलवर दाखवून परत खिशात ठेवलेला फोटो आणि घरात राहणारा फोटो यांत फरक आहे.

आत गेल्यावर आधी वडीलधाऱ्यांना भेटावे, फोटोला नमस्कार करावा, मग बसावे. गेलेल्या माणसाचा उल्लेख नात्याने करावा, जसा पूर्वी करत होतो तसा: आप्पा, काकू, अक्का, अण्णा. ‘ते’, ‘ती घटना’ असे आडून बोलले की घरच्यांना वाटते, याला विषय टाळायचा आहे. मग आपण का आलो नाही ते एक-दोन वाक्यांत सांगावे आणि गप्प बसावे. ही शांतता अवघड असते. ती मोडण्यासाठी माणसे हवापाण्यावर, रस्त्यावर, मुलांच्या शिक्षणावर बोलू लागतात. तसे करू नये. बहुधा घरातील बाईच आधी बोलते आणि त्या शेवटच्या दिवसांचे सगळे सांगते: कोणत्या दवाखान्यात नेले, डॉक्टर काय म्हणाले, शेवटचे पाणी कोणी पाजले. ते पूर्ण ऐकावे. मध्ये औषधोपचाराच्या चुका काढू नयेत, ‘अमक्या डॉक्टरकडे न्यायला हवे होते’ असे म्हणू नये, आणि ‘वेळ आली की कोणाचे चालत नाही’ यासारखी वाक्ये त्यांनीच उच्चारली तर मान डोलवावी, आपण होऊन म्हणू नयेत. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर कसे आणि का, हे प्रश्न मुळीच विचारू नयेत. त्या घराने त्या प्रश्नांना पोलिसांपासून सोयऱ्यांपर्यंत सर्वांसमोर उत्तरे दिलेली असतात. त्या माणसाच्या जगण्याबद्दल विचारावे.

राग निघाला तर तो ऐकून घ्यावा. ‘तेव्हा कुठे होतास?’ या प्रश्नाला स्पष्टीकरण नसते आणि देण्याचा प्रयत्नही करू नये. मित्राची आई बोलत असेल तर तिला उत्तर देण्यापेक्षा तिच्याजवळ सरकून बसणे अधिक योग्य. अर्ध्या-पाऊण तासाने चहा येईल; तो नाकारू नये, कारण चहा पुढे करणे हा त्या घराने दिलेला होकार असतो. चहानंतर उठावे. निघताना पुढच्या भेटीचा दिवस ठरवून घेण्याचा आग्रह धरू नये, पण ‘मी पुन्हा येईन’ एवढे सांगावे.

मग भांडणाकडे वळावे

दुसरी किंवा तिसरी भेट दोघांचीच असावी आणि ती घराबाहेर असली तरी चालते. आपल्या भागात मैत्री तुटण्याचे एक मोठे कारण सोसायटीच्या कर्जाला राहिलेला जामीन हे आहे. एकाने दुकानासाठी, ट्रॅक्टरसाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी कर्ज घेतले, दुसऱ्याने वर्गमित्र म्हणून सही केली, हप्ते थकले आणि नोटीस जामीनदाराच्या दारात आली. ज्याने कर्ज घेतले त्याला बहुधा वाटते की मित्राने नुसती सही केली होती. कायदा तसे मानत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि कलम १४५ प्रमाणे जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मिळवण्याचा त्याला हक्क असतो. मात्र अशा वसुलीच्या दाव्याला रक्कम भरल्यापासून सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे पंधरा वर्षांनी भेटणाऱ्या मित्रांमध्ये कोर्टाचा प्रश्न बहुधा उरलेला नसतो. ज्याच्यामुळे दुसऱ्याला भुर्दंड पडला त्याने याचा आधार घेऊन मोकळे होऊ नये, उलट रकमेचा आकडा स्वतःहून उच्चारावा. देणे शक्य असेल तर हप्त्यांनी देण्याची तयारी लिहून द्यावी. मुदतबाह्य झालेले देणे फेडण्याचे सही केलेले लेखी वचन त्याच कायद्याच्या कलम २५ नुसार ग्राह्य असते, म्हणून झेपेल तेवढेच लिहावे. देणे शक्य नसेल तर तेही स्पष्ट सांगावे. पैसा परत न येताही मैत्री सावरलेली मी पाहिली आहे, परंतु आकड्याचा उच्चारच न करता सावरलेली पाहिलेली नाही.

जामीनदाराने या भेटीत व्याजासह हिशेब मांडावा का? त्याचा तो हक्क आहे, पण मित्राच्या घरचा मृत्यू त्या कर्जाच्या काळातलाच असेल तर त्या कर्जाचे कारण पुष्कळदा दवाखान्याचे बिल असते, हे हिशेब मांडण्याआधी विचारून घ्यावे.

दुसरे कारण सीमाप्रश्नाचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून प्रत्येक पिढीत एकाच बाकावर बसलेली मुले वेगवेगळ्या वाटांनी गेली. कोणी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या आणि पुढे कितीतरी वर्षे कोर्टाच्या तारखांना हजर राहिला. कोणी कन्नड शिकून सरकारी नोकरीत गेला. कोणी राष्ट्रीय पक्षात गेला. आणि ‘तू फुटलास’ हा शब्द एकदा उच्चारला गेला की दोन्ही घरांचे येणे-जाणे बंद झाले. महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल मित्राच्या सोप्यात लावण्याचे कारण नाही. ज्याने नोकरी धरली त्याने, आंदोलनात गेलेल्याच्या घराने काय सोसले ते विचारावे: तारखांसाठी बुडालेली मजुरी, पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या वेळी आडवा आलेला गुन्हा, आईची काळजी. आंदोलनात गेलेल्याने, नोकरी धरणाऱ्याच्या घरी तेव्हा कमावते कोण होते ते विचारावे. माझा अनुभव असा की हे दोन प्रश्न खरोखर विचारले गेले तर मूळ आरोप पुन्हा काढण्याची इच्छा दोघांनाही उरत नाही. मित्र कन्नडभाषक असेल तर शाळेत ज्या मिश्र बोलीत बोलत होतो त्याच बोलीत बोलावे.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक आहे. एखादा मित्र अपघातात गेला, गाडी दुसरा चालवत होता, आणि त्यानंतर सगळी तुकडीच विस्कटली. कोणी उघड दोष दिला, कोणी मनात ठेवला, गाडी चालवणारा गाव सोडून गेला. इथे इतरांनी आधी त्या गाव सोडून गेलेल्या मित्राशी संपर्क साधावा, आणि गेलेल्या मित्राच्या आईवडिलांकडे सगळ्यांनी मिळून जाण्याची घाई करू नये. त्या आईवडिलांना आपले कोणाशी पटते किंवा नाही याच्याशी देणेघेणे नसते. आपल्याला हलके वाटावे म्हणून त्यांनी कोणाला क्षमा करावी, अशी अपेक्षा त्यांच्यावर लादणे क्रूरपणाचे आहे. एकाने आधी जाऊन विचारावे की त्यांना कोणकोणाला भेटायला आवडेल. एखादे नाव त्यांनी वगळले तर ते वगळलेच राहू द्यावे.

स्नेहमेळावा त्यानंतर

घरची भेट झाल्याशिवाय दुरावलेल्या मित्राला मेळाव्यात आणू नये. व्यासपीठावर दोघांचे हात एकमेकांच्या हाती देऊन टाळ्या घेणे हा प्रकार मी अत्यंत अयोग्य मानतो, कारण नाही म्हणण्याची जागाच तिथे शिल्लक राहत नाही. व्हॉट्सॲप गटात कोणालाही विचारल्याशिवाय घालू नये आणि ज्यांच्या घरी अलीकडे मृत्यू झाला आहे त्यांना गटातील विनोदांच्या पुरात ढकलू नये.

तारीख ठरवताना आपल्या भागाचे पंचांग वेगळे आहे हे ध्यानात ठेवावे. १७ जानेवारी आणि १ जून हे सीमालढ्यातील हुतात्म्यांचे स्मृतिदिन आणि १ नोव्हेंबरचा काळा दिन, हे दिवस टाळावेत. डिसेंबरात सुवर्णविधानसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन असते तेव्हा शहरात बंदोबस्त असतो आणि लॉजमध्ये खोल्या मिळत नाहीत. कर्नाटकातील शाळांना सहामाहीची सुट्टी दसऱ्याला, तर महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीला असते, त्यामुळे पुण्या-मुंबईकडच्या आणि इथल्या मित्रांना मुलाबाळांसह एकत्र सोयीचा काळ उन्हाळी सुट्टीतला, मुख्यतः मे महिन्यातलाच उरतो. सीमेवर वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या अचानक बंद होतात. लांबून येणाऱ्यांनी शक्यतो रेल्वेचे आरक्षण करून ठेवावे.

गेलेल्या वर्गमित्रांची नावे वाचायची असतील तर प्रत्येकाच्या घरी आधी कळवावे, नावाचा उच्चार आणि फोटो तपासून घ्यावा, आणि घरच्यांपैकी कोणाला यायचे असेल तर पहिल्या रांगेत जागा ठेवावी. श्रद्धांजली कार्यक्रमाच्या सुरुवातीला असावी. जेवणानंतर गाण्यांच्या मध्ये ती घुसवू नये. ओळख करून देताना नाव, सध्याचे गाव आणि शाळेतली एखादी आठवण एवढेच विचारावे. पती काय करतात, मुले किती, बंगला कुठे, हे प्रश्न ज्याचा संसार मोडला आहे किंवा ज्याचे मूल गेले आहे त्याला सभागृहातून उठवतात. मैत्रिणींना हळदी-कुंकू लावून ओटी भरण्याची हौस असते. तुकडीत एकही मैत्रीण विधवा असेल तर एक तर तो मान सर्वांना सारखा द्यावा, नाही तर तो विधीच ठेवू नये. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो आपल्यापासून फार लांबच्या गावचा नाही. रात्री मद्यपानाची बैठक ठेवायचीच असेल तर ती वेगळ्या ठिकाणी असावी, कारण जुनी भांडणे तिथेच पुन्हा उकरली जातात.

मेळाव्यानंतर आठवड्याभरात एक फोन करावा. पुढे वर्षश्राद्धाची तारीख लक्षात ठेवून त्या दिवशी चौकशी करावी, म्हाळाला बोलावले तर जावे, आणि आपल्या घरच्या लग्नाची पत्रिका त्या घरी व्हॉट्सॲपने न पाठवता हाताने द्यावी. जाण्या-येण्याचे प्रमाण सुरुवातीला एकतर्फी राहील हे गृहीत धरावे.

कोणते दार बंदच ठेवावे आणि कुठे मदत मागावी

ज्या दुराव्याच्या मुळाशी मारहाण, छळ, लैंगिक अत्याचार किंवा जातीवरून केलेला अपमान आहे, तिथे ज्याने सोसले त्याने पुन्हा भेटावे असा आग्रह कोणीही धरू नये. ‘आता झाले गेले’ असे म्हणणाऱ्या वर्गमित्रांनी तर मुळीच नाही. ज्याने हे केले त्याने समोरच्याची इच्छा नसताना भेटीची मागणी करणे हा त्याच छळाचा पुढचा भाग ठरतो.

काही भेटींत असे दिसते की मित्र दुःखातून बाहेर आलेलाच नाही. वर्षे लोटली तरी गेलेल्या माणसाची खोली तशीच आहे, त्याने काम सोडले आहे, तो कोणाला भेटत नाही, जगण्यात अर्थ उरला नाही असे बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा बराच जास्त काळ, किमान सहा महिन्यांहून अधिक, टिकून राहिलेल्या आणि रोजचे जगणे अडवणाऱ्या अशा दुःखाला उपचारयोग्य विकार मानले आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आणि चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत तसेच कन्नडमध्ये बोलता येते. जीव देण्याची भाषा ऐकू आली तर वाट न पाहता त्याच्या घरच्यांना सांगावे आणि त्याला एकटे सोडू नये. प्रत्यक्ष तपासणीसाठी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे डिमहान्समध्ये, नेता येते. धारवाडला सकाळी लवकर निघावे, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि आधार कार्ड सोबत घ्यावे, आणि नाव नोंदवण्यापासून औषधे हातात मिळेपर्यंत मित्राबरोबर थांबावे. डॉक्टरांनी पुढची जी तारीख दिली असेल, त्या दिवशी त्याच्यासोबत कोण जाणार हे परतीच्या वाटेवरच ठरवून घ्यावे.